नित्याच्या कामात उत्तमपणा

पाठाचा भाग : कलस्सैकरांस पत्र, अध्याय ३, ओवी २२ पासून अध्याय ४, ओवी १ पर्यंत. सोबत वाचावे : निर्गम, अध्याय ३१, फिलेमोनास पत्र.



"उत्तम ख्रिस्ती मनुष्य" हे शब्द कानी पडताच आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादा मोठा वक्ता, एखादा नामांकित पाळक, किंवा जन्मभर आजाऱ्यांची शुश्रूषा केलेली एखादी भगिनी उभी राहते. मग आपण मनात म्हणतो की ती थोर माणसे. आपण शेतात खुरपणारे, विटा थापणारे, चुलीपुढे बसणारे, गावच्या शाळेत मुलांस मुळाक्षरे गिरवावयास लावणारे लोक. आपल्या जिण्यात उत्तमपणा तो कोठून यावा? हा विचार दिसावयास नम्र आहे खरा, परंतु त्यात एक पळवाट आहे. आपले काम क्षुद्र आहे असे एकदा ठरविले म्हणजे ते कसेबसे उरकण्यास मन मोकळे होते. यास्तव आजच्या पाठात उत्तमपणा म्हणजे काय, तो कोणासाठी, आणि कोठे त्याच्या नावाने आपली फसवणूक होते, हे आपण नीट पाहू.

१. हे वचन कोणास लिहिले?

जे काही कराल ते माणसांकरिता नव्हे तर प्रभूकरिता म्हणून जिवेभावे करा, अशा अर्थाचे पौलाचे बोलणे आपल्या पाठात २३ व्या ओवीत आहे. हे वचन आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु ते कोणास उद्देशून आहे हे क्वचितच ध्यानात घेतो. ते अधिकाऱ्यांस लिहिलेले नाही, विद्वानांस नाही, मंडळीच्या वडिलांसही नाही. ते गुलामांस लिहिले आहे. रोमी राज्यात गुलाम म्हणजे धन्याच्या मालकीची वस्तू होती. आपल्या श्रमाचे फळ त्याचे नव्हते, आणि कायद्याने त्याला वारसा मिळत नसे. अशा मनुष्याला पौल सांगतो की तुझे काम प्रभू पाहतो, आणि प्रभूपासून तुला वतन मिळेल. ज्याला जगाने वारसाहक्क नाकारला त्यालाच येथे वारस म्हटले आहे. ही केवढी मोठी गोष्ट!

२२ व्या ओवीत पौलाने एक विशेष शब्द योजिला आहे. मूळ ग्रीक भाषेत "डोळा" आणि "चाकरी" हे दोन शब्द जोडून तो केलेला आहे. धन्याचा डोळा असेल तोवर हात चालतो, डोळा वळला की हात थांबतो, अशा चाकरीला तो शब्द लावितात. आपल्या भाषेत याला तोडीची म्हण आहे : देखल्या देवा दंडवत. मुकादम बांधावर उभा असता खुरपे जमिनीत जाते, आणि त्याची पाठ फिरताच ते नुसते गवताच्या शेंड्यावरून फिरते. पर्यवेक्षक येणार असे कळले म्हणजे शाळेचा पट पूर्ण होतो. पाळकसाहेब येणार म्हणून घर सारविले जाते, परंतु कणगीमागचा कोपरा तसाच राहतो. ही डोळ्यांची चाकरी होय. तिच्यावरचा उपाय म्हणून पौल अधिक कडक मुकादम नेमावयास सांगत नाही. ज्याचा डोळा कधी वळत नाही, आणि ज्याच्या डोळ्यात प्रीती आहे, अशा धन्याकडे तो आपले मुख फिरवितो.

२. वेठ आणि सेवा यांतील भेद

येथे आम्हांस एका कठीण प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. तो टाळून हा पाठ शिकविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या वेठ सोसली आहे. गावकीची कामे करावी, निरोप घेऊन कोसचे कोस धावावे, मेलेली जनावरे ओढावी, आणि मोबदला म्हणून तुटपुंजे वतन व दारोदारची भाकर घ्यावी, असा तो क्रम होता. अशा मनुष्याला "मुकाट्याने जिवेभावे काम कर" असे सांगणे म्हणजे त्याच्या मानेवरील जुवाला देवाचे नाव देणे नव्हे काय?

पवित्र शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. इस्राएल लोक मिसर देशात फारोसाठी विटा करीत होते. निर्गमाच्या ५ व्या अध्यायात सांगितले आहे की त्यांना गवत देण्याचे बंद केले, तरी विटांचा आकडा कमी केला नाही. त्या विटा किती चांगल्या झाल्या याची स्तुती शास्त्रात कोठेही नाही. मोशे त्यांच्याकडे आला तो "विटा अधिक चांगल्या करा" असे सांगावयास आला नाही. देवाच्या लोकांस जाऊ दे, असे तो फारोला सांगावयास गेला. आपल्या पाठाचा शेवटही पाहा. चौथ्या अध्यायाच्या पहिल्या ओवीत धन्यांस आज्ञा आहे की तुम्ही आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे. जो कोणी मजुराला २३ वी ओवी वाचून दाखवितो आणि ही ओवी वाचावयाची सोडतो, तो वचनाचे दोन तुकडे करून एकच विकतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायातही पौल गुलामाला सांगतो की मोकळा होण्याची संधी मिळत असेल तर ती घे.

आपल्या देशातही ही बेडी आपोआप गळून पडली नाही. वतनाचा कायदा १८७४ साली झाला होता. महारवतनाच्या जाचातून लोकांस सोडविण्याकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडिले. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेने वेठबिगारीस मनाई केली, आणि १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून कनिष्ठ गाववतने रद्द केली. अन्यायाची मजुरी नाकारणे, ठरलेला दाम मागणे, आणि मुलांस शाळेत घालून त्या कामातून बाहेर काढणे, यांत ख्रिस्ती उत्तमपणाला बाध येत नाही. उलट हा त्याचाच भाग आहे.

आपल्या भाषेत "वेठ वारणे" असा एक वाक्प्रचार आहे. काम मनाविरुद्ध, कसेतरी उरकणे, असा त्याचा अर्थ. ज्याने वेठ लादली त्याच्याकडेच या वाक्प्रचाराचा मूळ दोष जातो. परंतु वेठ गेली तरी वेठ वारण्याची सवय मागे राहते, ही दुःखाची गोष्ट आहे. धनी पाठीवरून उतरला, पण मनातून उतरला नाही. आपल्या स्वतःच्या शेतात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मंडळीत आपण अजूनही कोणाची तरी वेठ वारीत असल्यासारखे वागलो, तर खरी सुटका अद्याप व्हावयाची आहे.

३. विटा करणारे हातच मंडप बांधितात

आता निर्गमाचा ३१ वा अध्याय उघडा. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केला, असे ज्याच्याविषयी शास्त्रात प्रथम सांगितले आहे, तो राजा नव्हे, याजक नव्हे, संदेष्टाही नव्हे. तो यहूदा वंशातील बसालेल नावाचा कारागीर होय. सोने, रुपे व पितळ यांचे काम, रत्ने जडविणे, लाकडाचे कोरीव काम, यांसाठी त्याला बुद्धी व कौशल्य दिले. त्याच्या जोडीला दान वंशातील अहलियाब दिला. ज्यांनी नुकताच मिसराचा दास्यवास सोडला त्या लोकांतूनच हे दोघे निघाले. पूर्वी भीतीने राबलेले हात आता प्रीतीने काम करू लागले, आणि ३६ व्या अध्यायात असे आहे की लोकांनी इतके आणिले की मोशेला "आता पुरे" अशी दवंडी देववावी लागली.

त्याच ३१ व्या अध्यायात, बसालेलाच्या कामानंतर लागलीच शब्बाथाची आज्ञा येते, हेही विसरू नये. पवित्र मंडपाचे काम झाले तरी सातव्या दिवशी ते थांबलेच पाहिजे. उत्तम काम म्हणजे अहोरात्र राबणे नव्हे. जो विश्रांती घेत नाही, आपल्या बायकोला किंवा बैलालाही घेऊ देत नाही, तो परिश्रमी दिसला तरी फारोचीच रीत चालवितो.

४. उपदेशकांस विनंती

हा भाग विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंसाठी आहे, आणि आम्ही प्रथम स्वतःचाच दोष पदरी घेतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही एका खेड्यात उपासनेस गेलो. दुसऱ्या गावी केलेला जुना उपदेश खिशात होता. आठवड्यात तो उघडूनही पाहिला नव्हता. उपदेश झाला, लोकांनी माना डोलविल्या. बाहेर येताना एका म्हाताऱ्या बाईने आम्हांस थांबविले. खुरपणीचे दिवस असून एका दिवसाची मजुरी सोडून ती तीन कोस चालून आली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, त्या दुसऱ्या बाईची गोष्ट कुठल्या पानावर हाय? घरी गेल्यावर नातवाकडून वाचून घ्यीन." आम्हांस अध्याय सांगता आला नाही. आम्ही तो स्वतः शोधलाच नव्हता. तिने आपली मजुरी आणिली होती, आणि आम्ही आमची एक संध्याकाळही आणिली नव्हती. घरी परतताना वाटेभर मलाखीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आमच्या मनात घोळत राहिला. आंधळे व लंगडे जनावर वेदीवर आणणाऱ्यांस देव तेथे विचारतो की असला नजराणा तुमचा सुभेदार तरी घेईल काय?

लोक अडाणी आहेत, त्यांना काय कळते, असे मनात आणून जो कमी तयारी करितो, तो त्यांचा अपमान करितो. ज्याला दहा पुस्तके वाचता येतात तो एका वाईट उपदेशाने उपाशी राहणार नाही; ज्याला वाचता येत नाही त्याला आठवडाभर तेवढीच शिदोरी आहे. म्हणून जेथे ऐकणारे साधे, तेथे तयारी अधिक पाहिजे.

पैशांच्या बाबतीतही तसेच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल दानाची रक्कम एकटा नेत नाही; मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतो, अशासाठी की प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने व्यवहार चोख असावा. एवढा मोठा प्रेषित आपल्यावर विश्वास ठेवा म्हणून रागावला नाही. मग आपल्या मंडळीच्या दानपेटीतील रुपये दोघांनी मिळून मोजावे, त्याच दिवशी वहीत लिहावे, आणि कोणी विचारले तर वही पुढे करावी, यात कमीपणा कसला?

५. एका कामाला अनेक हात

विल्यम केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडात एका लहान गावी झाला. तारुण्यात ते जोडे शिवण्याचे काम करीत. १७९३ साली ते बंगालात आले, आणि १८०० सालापासून श्रीरामपूर येथे राहिले. बंगाली नवा करार १८०१ साली छापिला गेला, आणि तो त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा सुधारिला. मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ साली व कोश १८१० साली प्रसिद्ध केला. मराठी नवा करार १८११ साली निघाला. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८१२ रोजी, श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे आणि वर्षानुवर्षे लिहिलेली हस्तलिखिते जळून गेली. केरी यांनी जळालेले काम पुन्हा आरंभिले. आपल्याजवळ विशेष प्रतिभा नाही, फक्त चिकाटी आहे, असे ते स्वतःविषयी म्हणत.

परंतु येथे एक गोष्ट लपवू नये. केरी यांचे मराठी काम महाराष्ट्रापासून फार दूर झाले, आणि ते निर्दोष नव्हते. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर करून १८२६ साली मराठी नवा करार छापिला. त्यानंतरही सुधारणा होत गेल्या. पुढे पंडिता रमाबाई यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांसही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या, आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. छापलेले पुस्तक पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.

यावरून काय शिकावे? पहिला करणारा चुकला म्हणून त्याचे काम व्यर्थ गेले नाही. आणि दुसऱ्याने ते सुधारिले म्हणून पहिल्याचा अपमान झाला नाही. आपले काम दुसऱ्याने तपासू नये असे ज्याला वाटते, त्याला कामापेक्षा आपले नाव प्रिय आहे. आपल्या मंडळीतील गायनात, हिशेबात किंवा शब्बाथशाळेत कोणी तरुणाने चूक दाखविली, तर तिचे आपण काय करितो, यावरून आपल्या उत्तमपणाची परीक्षा होते.

६. कोणाशी तुलना करावी?

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. एका दासाला पाच हजार, दुसऱ्याला दोन हजार मोहरा मिळाल्या. एकाने आणखी पाच मिळविल्या, दुसऱ्याने दोन. आता २१ वी व २३ वी ओवी शेजारी ठेवून वाचा. धन्याने दोघांस दिलेली शाबासकी सारखीच आहे. एक शब्दही कमी नाही. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातही पौल सांगतो की प्रत्येकाने आपले स्वतःचे काम पारखावे; दुसऱ्याशी ताडून बढाई मारू नये. शेजाऱ्याहून वरचढ होण्याची हाव हा उत्तमपणा नव्हे. कालच्याहून आज अधिक विश्वासू होणे हा उत्तमपणा होय.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. आपण चांगले काम केल्याने देव आपणांस पत्करतो, असे नाही. इफिसकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात आठव्या व नवव्या ओवीत सांगितले आहे की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. आणि लागलीच दहाव्या ओवीत असे आहे की सत्कृत्यांसाठीच आपणांस ख्रिस्तात निर्माण केले आहे. झाड जिवंत आहे म्हणून फळ येते. फळे बांधून कोणी वाळलेले झाड जिवंत करीत नाही. म्हणून ज्याच्या हातून आज काम बिघडले त्याने निराश होऊ नये. ज्याने आपणांस फुकट पत्करिले त्याच्यासाठी आपण उद्या पुन्हा आरंभ करितो.

याचे जिवंत उदाहरण अनेसिम होय. तो फिलेमोनाचा गुलाम. त्याच्या नावाचाच अर्थ "उपयोगी" असा आहे. फिलेमोनास पत्राच्या ११ व्या ओवीत पौल त्या नावावर कोटी करून म्हणतो की पूर्वी हा निरुपयोगी होता, परंतु आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. तेवढ्यावर पौल थांबत नाही. आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार कर, असे तो धन्याला सांगतो. कलस्सैकरांचे पत्र घेऊन तुखिकाबरोबर हाच अनेसिम निघाला होता. ज्या पत्रात गुलामांस जिवेभावे काम करा असे लिहिले, ते पत्र नेणाऱ्यांत एक गुलाम होता, आणि पत्रात त्याला विश्वासू व प्रिय बंधू म्हटले होते. देव मनुष्याला आधी बंधू करितो, आणि मग त्याच्या हातचे काम उत्तम होते. हा क्रम कधी उलटा करू नये.

७. या आठवड्यात काय करावे?

मोठे संकल्प लवकर मोडतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामांपैकी एकच काम निवडावे, विशेषतः जे कोणी पाहत नाही ते. दुधात पाणी न घालता ते केंद्रावर न्यावे. धान्य मोजताना गिऱ्हाइकाचे माप आपल्या मापाइतकेच भरावे. गोधडी शिवणाऱ्या भगिनीने आतला टाकाही वरच्यासारखा घट्ट घालावा. यापो गावच्या दुर्कशीची आठवण करा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ यात ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला काय दाखविले? तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे. तिचे एकही भाषण शास्त्रात नोंदलेले नाही. तिचे कपडे तिच्यासाठी बोलले.

शनिवारी रात्री दिवा मालविण्यापूर्वी आपल्या त्या एका कामाविषयी प्रभूला सांगा. चांगले झाले असेल तर उपकार माना. बिघडले असेल तर क्षमा मागा. ज्याने नासरेथात अनेक वर्षे सुताराचे काम केले, आणि ज्याविषयी एकही चमत्कार त्या वर्षांत लिहिलेला नाही, तो आपले श्रम ओळखतो.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) "डोळ्यांची चाकरी" म्हणजे काय? आपल्या गावातील तिचे एक उदाहरण द्या. ते शक्यतो स्वतःचेच असावे.
(२) फारोच्या विटा आणि बसालेलाचा मंडप यांत कोणता भेद आहे?
(३) कलस्सै ३:२३ सोबत ४:१ का वाचले पाहिजे? मजूर लावणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?
(४) दोन हजार आणि पाच हजार मोहरा मिळालेल्या दासांस सारखीच शाबासकी का मिळाली?
(५) आपल्या मंडळीचा हिशेब कोण मोजतो, कोण लिहितो, आणि तो किती वेळा वाचून दाखविला जातो?